ज्वालामुखीच्या काठावरचे आतिथ्य

पृथ्वीच्या पाठीवर काही स्थळे अशी आहेत की, त्यांच्या सौंदर्याचे मूळ शोधू गेल्यास मन एखाद्या महाविनाशापाशी येऊन थबकते. आणि ते मूळ एकदा कळले म्हणजे पुन्हा त्या सौंदर्याकडे पूर्वीच्या निश्चिंत दृष्टीने पाहणे शक्य होत नाही. एजियन समुद्रातील सँटोरिनी हे ग्रीक बेट अशा स्थळांपैकी एक होय. ज्या गडद निळ्या जलविस्ताराकडे पाहण्यासाठी वर्षाला लाखो माणसे येथे येतात, तो जलविस्तार म्हणजे एका ज्वालामुखीचे खचलेले उदर आहे. सुमारे छत्तीसशे वर्षांपूर्वी येथे जो भीषण उद्रेक झाला, त्यात भूगर्भातील शिलारस राख होऊन आकाशात उधळला गेला, खाली पोकळी उरली, बेटाचा मध्यभाग त्या पोकळीत कोसळला आणि समुद्र आत शिरला. उरले ते कड्यांचे एक खंडित कंकण: पूर्वेला अर्धचंद्राकृती थीरा, पश्चिमेला थिरासिया आणि त्या दोहोंमध्ये अस्प्रोनिसीचा इवलासा तुकडा. हे कडे काही ठिकाणी पाण्यावर तीनशे मीटर उभे आहेत आणि त्यांच्या पायथ्याचा समुद्र जवळजवळ चारशे मीटर खोल आहे. मधोमध कोळशासारखी काळी अशी दोन बेटे वर आलेली दिसतात. त्यांतील नेआ कामेनी या बेटावरचा शेवटचा उद्रेक १९५० साली झाला, म्हणजे पुराणकाळात नव्हे, तर आपल्या वडीलधाऱ्यांच्या हयातीत.

या कंकणाच्या उत्तर टोकाला ईआ नावाचे गाव आहे, आणि तेथल्या एका आलिशान हॉटेलात राहण्याचा योग मला आला. कड्याच्या अंगावरील या वस्तीत वाहनाला प्रवेश नाही. वरच्या रस्त्यावर उतरल्यावर पायऱ्यांनी खाली जावे लागते, आणि प्रवाशांचे सामान हमाल खांद्यावर घेऊन त्या अरुंद, वळणावळणाच्या पायऱ्यांवरून अशा सहजतेने उतरतात की, पाहणाऱ्यालाच भोवळ यावी. मला दिलेली खोली म्हणजे डोंगरात आडवी शिरलेली एक लांबट गुहा होती. तिला छत असे वेगळे नव्हतेच. भिंतीच हळूहळू वर वळत जाऊन एकमेकींना भेटल्या होत्या आणि त्यांची कमान झाली होती. पलंग भिंतीतूनच ओट्यासारखा पुढे आला होता, दिव्यासाठी आणि पुस्तकासाठी भिंतीतच कोनाडे होते, आणि सगळ्यांवर चुन्याचा एकच शुभ्र हात फिरलेला असल्यामुळे कोठे भिंत संपते आणि कोठे कोनाडा सुरू होतो, हे बोटांनी चाचपल्याखेरीज समजत नव्हते. दर्शनी बाजूला मधोमध दार, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक खिडकी आणि दारावर एक लहान झरोका. एवढ्या चार वाटांनी येणारा प्रकाश शुभ्र कमानीवरून घरंगळत थेट मागच्या भिंतीपर्यंत पोहोचे. बाहेर भर दुपारचे ऊन आणि मेल्टेमी नावाचा उत्तरेचा दांडगा वारा, तर आत शीतल निःशब्दता. समोरच्या सज्जात एक लहान जलकुंड, त्यापलीकडे कठडा, आणि कठड्यापलीकडे केवळ अवकाश.

सुखसोयींचे वर्णन करीत बसण्याची मला इच्छा नाही. त्या जगातील कोणत्याही मोठ्या शहरात द्रव्याच्या मोबदल्यात मिळतात. मला विचार करायला लावले ते त्या खोलीच्या आकाराने. तीत एकही वस्तू केवळ शोभेसाठी नव्हती. तिची प्रत्येक रेषा कोणत्या तरी निकडीने ठरवल्यासारखी वाटत होती, आणि ती निकड माझी नव्हती, हे उघड होते. मग ती कोणाची? या प्रश्नाचा मागोवा घेत मी त्या गावाच्या पूर्वेतिहासाकडे वळलो, आणि जे हाती आले त्याने त्या वास्तव्याचा अर्थच पालटून गेला.

सँटोरिनीवर इमारती लाकूड नाही. तुळया नाहीत, म्हणून सपाट छते परवडत नाहीत. म्हणून घरांना कमानी आल्या. परंतु ज्या उद्रेकाने हे बेट उद्ध्वस्त केले, त्यानेच त्यावर राखेचे आणि प्युमिस नावाच्या सच्छिद्र, हलक्या दगडाचे जाड थर अंथरून ठेवले. ही राख खोदायला मऊ, पण खोदल्यानंतर ढासळत नाही अशी घट्ट. चुन्यात कालवली तर पाण्याखालीही टणक होणारी. एकोणिसाव्या शतकात सुवेझ कालव्याच्या कामासाठी, पोर्ट सैदचे बंदर बांधताना, हीच राख येथून जहाजे भरभरून नेण्यात आली. थिरासियावर तिच्या खाणी खोदताना राखेखाली गाडलेली प्रागैतिहासिक घरे प्रथम उजेडात आली. आणि १८६९ साली तो कालवा खुला झाल्यावर मुंबई बंदराच्या भाग्याला जी भरती आली, तीत या राखेचाही अल्पसा वाटा आहे, ही गोष्ट मला तेथे बसून आठवली. ज्याला दगड विकत घेण्याची आणि गवंड्याला मजुरी देण्याची ऐपत नव्हती, त्याने कुदळ घ्यावी, कड्याच्या अंगात शिरावे आणि आपल्या कुटुंबाला पुरेल इतका अंधार कोरून काढावा, अशी येथली वहिवाट होती. शिडांच्या जहाजांच्या वैभवकाळात ईआचे कप्तान गावाच्या माथ्यावर, सपाट जागेवर, घडीव दगडांचे दुमजली वाडे बांधून राहत. आणि त्यांच्या जहाजांवर राबणारे खलाशी राहत ते कड्याच्या पोटातल्या या गुहांत. आज ज्या खोल्यांचे भाडे ऐकून सामान्य गृहस्थाने स्तब्ध व्हावे, त्या खोल्या म्हणजे त्या गावातील सर्वांत निर्धन माणसांची घरे होत.

जे घराचे, तेच पाण्याचे. या बेटावर नदी नाही, झरे नाममात्र, आणि पाऊस पडतो तो हिवाळ्याच्या थोडक्या महिन्यांत. तेव्हा प्रत्येक घराचे छत आणि अंगण ही पाण्याची शेते मानून, त्यांवर पडलेला थेंबन् थेंब उतारांनी आणि पन्हाळींनी वळवून घराखाली कोरलेल्या टाक्यात साठवायचा, अशी तजवीज असे. छतांना दिला जाणारा चुना उन्हाचा ताप परतवी, तसाच पाण्याला शुद्धही ठेवी. ज्या शुभ्रतेला जग आज एक अलंकार समजते, ती या अर्थाने आरोग्याची आणि काटकसरीची व्यवस्था होती. आज गावाला समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे पाणी पुरवतात आणि सज्जासज्जांत जलकुंडे लकाकतात. त्या कुंडात उतरताना मनाशी एक संकोच येई. जेथे एका घागरीचा हिशेब ठेवला जात असे, तेथे मी पाण्यात केवळ सुखासाठी तरंगत होतो, ही जाणीव काही केल्या पुसली जाईना. आणि ती पुसली जाऊ नये असेच मला वाटत होते.

रात्रीच्या भोजनात, रुपेरी कडांच्या बशीत, पिवळसर वरणाचा एक घट्ट गोळा आला. त्यावर ऑलिव्हचे तेल, कच्चा कांदा आणि केपरच्या कळ्या. या पदार्थाला तेथे फावा म्हणतात, आणि तो ज्या डाळीचा करतात ती आपल्या विदर्भात धानाच्या बांध्यांतून पिकणाऱ्या लाखोळीच्या कुळातली आहे. तिकडे काय आणि इकडे काय, दुसरे काही येत नाही अशा जमिनीत, ओल ओसरता ओसरता येणारे हे पीक. दोन्हीकडे ते प्रथमतः गरिबाच्याच ताटात आले. द्राक्षवेलीचीही तीच कथा. येथले असिर्टिको जातीचे वेल मांडवावर चढवीत नाहीत. वारा त्यांना फाडून टाकील म्हणून त्यांच्या फांद्या जमिनीलगत गोल विणून त्यांची परडी करतात, आणि घोस त्या परडीच्या आत, पानांच्या आडोशाला, समुद्रावरून येणाऱ्या दहिवरावर वाढतात. या वेलींची मशागत मी शेतांच्या कडेला उभा राहून पाहिली आणि माझी अशी खात्री झाली की, घर, पाणी, अन्न आणि मद्य या चारही बाबतींत या बेटाने एकच शास्त्र निर्माण केले आहे: ज्याने आपला घात केला त्याच्यापासूनच आपला निर्वाह मिळवण्याचे शास्त्र. राखेने गाव गाडले, राखेतच घर कोरले. वारा पीक उधळतो, वाऱ्यानेच वेलीला तिचा आकार दिला. कड्यावरील हॉटेलाच्या मोहिनीचे रहस्य मला येथे उमगले. पाहुणा ज्याला विलास समजून मुग्ध होतो, ते वास्तविक दैन्याने पिढ्यान् पिढ्या झिजवून गुळगुळीत केलेले शहाणपण असते. आणि हे शहाणपण कोणत्याही धनिकाला नव्याने बांधून घेता येत नाही, फार तर ते भाड्याने घेता येते.

खलाशांची घरे पाहुण्यांकडे आली कशी, याचेही उत्तर याच भूमीच्या स्वभावात आहे. वाफेच्या जहाजांनी शिडांचा व्यापार बुडवला, तेव्हाच ईआची कळा उतरली होती. पुढे ९ जुलै १९५६ रोजी पहाटे आमोर्गोस बेटाजवळ भूकंप झाला. त्यात सँटोरिनीवर पन्नासहून अधिक माणसे मरण पावली, शेकडो घरे जमीनदोस्त झाली, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळांनी मोडलेल्या उंबरठ्यांकडे पाठ फिरवून पिरेयस आणि अथेन्सची वाट धरली. कड्यातल्या गुहा ओस पडल्या. १९७५ नंतर ग्रीक सरकारच्या पर्यटन खात्याने पारंपरिक वस्त्यांच्या रक्षणाचा जो उपक्रम हाती घेतला, त्यात ईआचाही समावेश झाला. सोडून दिलेली घरे मालकांकडून मुदतीच्या कराराने ताब्यात घ्यावी, मूळ घडण न बिघडवता दुरुस्त करावी, काही काळ अतिथिगृहे म्हणून चालवावी आणि मुदतीअखेर मालकांना परत द्यावी, असा तो बंदोबस्त होता. हेतू स्तुत्य होता, आणि त्या उपक्रमावाचून ईआ आज भग्नावशेष होऊन राहिले असते, यात शंका नाही. तथापि जे बीज त्याने पेरले त्याचा वृक्ष त्याच्या कल्पनेपलीकडे वाढला. आता कड्याचा इंचन् इंच सज्जांनी व्यापला आहे आणि ज्या घरांत एके काळी पाळणे हलले, त्यांत प्रत्येक ऋतूत नवे अनोळखी चेहरे उतरतात.

सायंकाळी गावाच्या पश्चिम टोकावर, जुन्या किल्ल्याच्या अवशेषांवर, सूर्यास्त पाहण्यासाठी विलक्षण दाटी होते. सूर्य समुद्रात उतरू लागला की कडा आधी गेरूच्या, मग तांब्याच्या आणि शेवटी विझत्या निखाऱ्याच्या वर्णाचा होतो, आणि त्या क्षणी नाना देशांची, नाना भाषांची ती माणसे एकाएकी मूक होतात. या गर्दीला नावे ठेवण्याची रीत आहे; मला मात्र त्या मौनात भक्तीचा अंश जाणवला. परंतु त्याच वेळी असेही मनात आले की, या उंबरठ्यावर उभी राहून पूर्वी जी स्त्री समुद्राकडे पाहत असे, ती सूर्यास्त पाहत नसे. ओडेसाहून वा अलेक्झांड्रियाहून यावयाच्या शिडाची ती वाट पाहत असे. निसर्गाचे निव्वळ रूप पाहण्यासाठी मन चिंतेपासून मुक्त असावे लागते, आणि कड्यावरचा पाहुणा जे मूल्य देतो ते मुख्यतः या मुक्ततेचे. हा समुद्र माझ्या कोणाही आप्ताला घेऊन जाणार नव्हता, म्हणूनच तो मला इतका सुंदर दिसत होता.

रात्री त्या कोरलेल्या कमानीखाली पडलो असता मला वारंवार सह्याद्रीची लेणी आठवत. आम्हीही लाव्ह्यावरच राहणारी माणसे. दख्खनचा सगळा काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला शिलारस आहे, आणि त्यात आमच्या पूर्वजांनी शयनाचे ओटे, कोनाडे आणि पाण्याच्या पोढी यांसह शेकडो वसतिस्थाने कोरून ठेवली आहेत. कान्हेरीच्या डोंगरावर पावसाचे पाणी पन्हाळींनी पोढींत उतरवण्याची जी रचना आहे, ती पाहिलेल्याला ईआची टाकी परकी वाटणार नाहीत. आणि नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील सतराव्या लेण्यात तर एक शिलालेखच आहे: उत्तरेकडील दत्तामित्री नगरीचा रहिवासी, धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त, जो स्वतःला यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवतो, त्याने हे लेणे, त्यातील चैत्यगृह आणि पाण्याच्या पोढी आपल्या मातापित्यांच्या पुण्यार्थ कोरविल्या आणि भिक्षुसंघाला अर्पण केल्या. ज्या वंशाची वा संस्कृतीची मुळे या एजियनच्या किनाऱ्यांवर होती, असा एक पुरुष गोदावरीच्या खोऱ्यात येतो, अनोळखी पांथस्थांसाठी डोंगरात निवारा कोरवतो, त्यांच्या तहानेचीही चिंता वाहतो आणि त्या दानाचा दस्तऐवज पाषाणावर ठेवून जातो. आणि दोन सहस्र वर्षांनंतर महाराष्ट्रातील एक माणूस त्याच्या पूर्वजांच्या समुद्रातील एका बेटावर, डोंगरात कोरलेल्या निवाऱ्यात झोप घेतो. या योगायोगाने माझे अंतःकरण भरून आले. परंतु दोहोंतील भेदही मी नजरेआड करू शकत नव्हतो. नाशिकचे लेणे दान होते. देणाऱ्याने त्यावरचा आपला हक्क सोडला होता, आणि तेथे राहणाऱ्या भिक्षूला आपण कोणाचे ऋणी आहोत हे भिंतीवरच वाचता येत होते. माझ्या खोलीचे मूल्य मी चुकते केले होते, आणि मूल्य चुकते केलेल्या माणसाला आपले काही देणे उरले आहे असे सहसा वाटत नाही. कड्याच्या त्या भिंतींवर मात्र, ज्यांनी त्या कोरल्या त्यांचे नाव कोठेही नव्हते.

बेटाच्या दक्षिणेस अक्रोतिरी येथे स्पिरिडॉन मॅरिनॅटोस या पुरातत्त्वज्ञाने १९६७ मध्ये उत्खनन सुरू केले, आणि त्या महाउद्रेकाच्या राखेखालून एक नगर बाहेर आले. दुमजली, तिमजली घरे, भिंतींवरील नौकांचे, पाकोळ्यांचे आणि लिलीच्या फुलांचे चित्रविलास, धान्याचे रांजण, सांडपाण्याच्या बांधीव नाल्या, हे सारे आहे. माणसांचे सांगाडे मात्र तेथे आढळले नाहीत. आधी भूकंपाने घरे मोडली, लोक बाहेर पडले, काहींनी परतून ढिगारे उपसण्यास प्रारंभ केला, आणि मग पर्वताची पुढची सूचना ओळखून ते सर्व निघून गेले. लाकडी पलंगांच्या जागी राखेत उरलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून त्या पलंगांचे आकार पुन्हा मिळवण्यात आले आहेत. ते रिते पलंग पाहताना मला पर्यटनाचा, हॉटेलांचा आणि माझ्या वास्तव्याचा विसर पडला. या भूमीवर राहण्याची विद्या दोन अंगांची आहे, हे मला तेथे कळले: एक, कुदळ घेऊन आत शिरण्याची, आणि दुसरी, वेळ येताच मोह सोडून बाहेर पडण्याची. २०२५ च्या जानेवारीअखेरीस आणि फेब्रुवारीत याच समुद्राखाली हजारो लहानमोठे धक्के बसू लागले, तेव्हा शाळा बंद झाल्या आणि दहा हजारांहून अधिक माणसे बोटींनी आणि विमानांनी बेट सोडून गेली. आणि पुढे धरणी शांत झाल्यावर बेटावर पुन्हा जाग आली.

हा प्रसंग हिवाळ्यातला, आणि म्हणूनच तो मला विशेष बोलका वाटतो. हिवाळ्यात हॉटेलांची दारे बहुतांशी बंद असतात, सज्जांतली कुंडे रिती असतात, आणि बेट त्याच्या रहिवाशांपुरते उरते. याच दिवसांत वेलींची छाटणी होते, फांद्या परडीत विणल्या जातात, घरांना चुना लागतो, मुले शाळेत जातात. ज्या शहाणपणाचा आस्वाद पाहुणा उन्हाळ्यात घेतो, त्याची जोपासना या महिन्यांत चालते. आणि ती करणारी माणसे गावात उरली नाहीत, तर कड्यावरच्या त्या शुभ्र कमानी आकार म्हणून शिल्लक राहतील, परंतु त्यांना अर्थ उरणार नाही. आज तेथे नेमणूक होऊन येणाऱ्या शिक्षकाला आणि डॉक्टरला भाड्याने घर मिळणे दुरापास्त झाले आहे, कारण प्रत्येक खोलीला पाहुण्याकडून मिळणारे मोल त्यांच्या वेतनाच्या आवाक्यापलीकडे गेले आहे. ही तक्रार मी बेटावर ऐकली, आणि तिचा एक हेतुभूत घटक मीही आहे, हे जाणूनच ती येथे नोंदवतो.

म्हणून आतिथ्याविषयीची माझी धारणा त्या वास्तव्यानंतर अधिक स्पष्ट झाली आहे. अतिथीने यजमानाचे घर सुंदर आहे असे म्हणावे, हे ठीकच. पण यजमानाला स्वतःच्या घरात जागा उरली आहे की नाही, हे पाहणे हेही अतिथीचे कर्तव्य आहे. आपण किती संख्येने जावे, किती पाणी वापरावे, कोणत्या ऋतूत जावे, आपल्या पैशातून कोणाची चूल पेटते, आणि गावाने पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा घातली तर ती आपला अपमान न मानता स्वागतार्ह कशी मानावी, हे प्रश्न प्रवासाच्या आनंदात विरजण घालणारे नसून त्या आनंदाला पात्र करणारे आहेत. ईआच्या कड्यावरून दिसणारे दृश्य मी जन्मात विसरणार नाही, आणि त्या हॉटेलातील माणसांनी केलेल्या अगत्याबद्दल मी कृतज्ञ आहे. तथापि उद्या कोणी मला तेथल्या वैभवाचा पडताळा विचारला, तर मी खोलीचा शुभ्रपणा, भोजनाची रुची वा सज्जातून दिसणारा सूर्यास्त यांची साक्ष काढणार नाही. त्या गावातील शाळेच्या शिक्षिकेला गावातच, तिच्या पगारात, जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत राहता येईल असे एखादे घर मिळते का, एवढेच मी प्रथम विचारीन. आणि त्याचे उत्तर होकारार्थी आले, तर खलाशांनी राखेत कोरलेले ते घर अद्याप घरच आहे, असे मी समजेन.